आजीचा चौविहार, नातवंडांचा समुद्र

व्यापारी कुटुंबाच्या सहलीचा मुहूर्त दुकान काढून देते. कापडवाल्याला लग्नसराई सोडता येत नाही, सराफाला धनत्रयोदशी, धान्याच्या आडत्याला हंगाम. आणि मार्चअखेर तर कोणालाच खातेवहीतून मान वर काढू देत नाही. उरतात ते नाताळच्या सुट्टीतले किंवा मे महिन्यातले पाच-सहा दिवस. त्यात मुलांनी समुद्राचा हट्ट धरला की घरात एक वाक्य ठरलेले असते : “तुम्ही सारे जाऊन या, आम्ही घर सांभाळतो.” आजी-आजोबांच्या या वाक्यामागे पुष्कळदा गुडघ्यांचे दुखणे नसते, चौविहार असतो. किनाऱ्यावरच्या हॉटेलांत रात्रीचे जेवण आठला सुरू होते, मासळी आणि भाजी एकाच ओट्यावर शिजते, आणि कंदमूळ म्हणजे काय हे आचाऱ्याला समजावता समजावता सूर्य बुडालेला असतो. असा अनुभव एकदा घेतलेली वडील मंडळी पुन्हा समुद्राचे नाव काढत नाहीत.

कर्नाटकाच्या दक्षिणेकडचा किनारा, म्हणजे उडुपी आणि दक्षिण कन्नड हे दोन जिल्हे, या अडचणीवर बराचसा तोडगा देतात. या भूमीला तुळुनाडू म्हणतात. एका बाजूला सह्याद्री, दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र आणि मधल्या अरुंद पट्टीत भातशेती, सुपारीच्या बागा व जांभा दगडाच्या टेकड्या. येथे काही शतके जैन राजघराण्यांनी राज्य केले. कारकळचे भैररस, वेणूरचे अजिल, मूडबिद्रीचे चौट ही त्यांतली ठळक नावे. त्यांनी आणि त्यांच्या आश्रयाने व्यापार करणाऱ्या सेट्टी श्रावकांनी बांधलेल्या बसदी आजही पूजेत आहेत. मूडबिद्रीहून पडुबिद्रीचा समुद्र मोटारीने तासाभराच्या अंतरावर आहे. सकाळी भगवंतांचे दर्शन आणि दुपारनंतर लाटा, असा दिवस भारताच्या फार थोड्या किनाऱ्यांवर आखता येतो.

मुंबईहून येणाऱ्यांना कोकण रेल्वे सोयीची. मत्स्यगंधा एक्सप्रेस दुपारी निघून दुसऱ्या दिवशी पहाटे उडुपीला पोचवते. कोल्हापूर-सांगलीकडची कुटुंबे बेळगाव-हुबळीमार्गे स्वतःच्या मोटारीने येतात. त्यांनी घाटाचा रस्ता दिवसाउजेडीच उतरावा.

मुक्कामाचा विचार आधी करावयास हवा, कारण बहुतेक सहली तेथेच बिघडतात. प्रवासी कंपन्यांच्या पत्रकात पाच दिवसांत मूडबिद्री, कारकळ, धर्मस्थळ, सुब्रह्मण्य, शृंगेरी, कोल्लूर आणि वर श्रवणबेळगोळही बसवलेले असते. रोज नवी खोली, रोज बोचकी बांधणे. वृद्धांना आणि लहानांना याहून मोठी शिक्षा नाही. श्रवणबेळगोळ घाटापलीकडे आहे. जाण्यातच जवळजवळ दिवस मोडतो आणि त्या क्षेत्राला स्वतंत्र यात्राच शोभते. तुळुनाडूसाठी दोन मुक्काम पुरेत : पहिल्या दोन रात्री मूडबिद्री अथवा कारकळ, पुढच्या तीन रात्री उडुपीच्या परिसरात समुद्राजवळ.

मूडबिद्रीला चारुकीर्ती भट्टारकांची गादी आहे. मठाच्या परिसरात यात्रेकरूंच्या उतरण्याची सोय होते. मात्र सुट्टीच्या दिवसांत आधी कळवल्याशिवाय जाऊ नये. खोल्या साध्या असतात. ज्यांना वातानुकूलित खोलीशिवाय झोप येत नाही त्यांनी गावातले हॉटेल पाहावे आणि तक्रारीला वाव ठेवू नये. क्षेत्रावर उतरण्याचा खरा लाभ न्याहारीच्या वेळी कळतो. सूर्यास्तापूर्वी जेवण, उकळलेले पाणी, कंदमुळाविना भाजी या गोष्टी तेथे कोणाला समजावून द्याव्या लागत नाहीत. घरी जे नियम “आजीचे” म्हणून बाजूला ठेवले जातात तेच येथे सर्वांचे असतात, हे नातवंडे न सांगता पाहतात.

गावात १८ बसदी आहेत. त्यांतली त्रिभुवनतिलकचूडामणी बसदी इ.स. १४३० सालची, लोक तिला साविर कंबद बसदी, म्हणजे हजार खांबांची बसदी म्हणतात. खांब खरोखर हजार आहेत काय, हे मोजण्यात मुलांचा अर्धा तास सहज जातो. एका खांबाचे कोरीवकाम दुसऱ्यासारखे नाही, असे तेथे अभिमानाने सांगितले जाते. मूळनायक चंद्रनाथस्वामींची पंचधातूची उभी मूर्ती दिव्याच्या उजेडात पाहावी. छपरे मात्र दक्षिणेतल्या इतर मंदिरांहून अगदी वेगळी, उतरती आणि एकावर एक. पाहणाऱ्यांना ती नेपाळची आठवण करून देतात. त्यांचे कारण आकाशात आहे : जून ते सप्टेंबर येथे कोसळणारा पाऊस सपाट छपराला झेपणारा नाही.

व्यापाऱ्याच्या मुलाने याच बसदीच्या भैरादेवी मंडपाच्या जोत्याजवळ थोडे रेंगाळावे. तेथील शिल्पपट्टीत जिराफ आहे आणि चिनी पद्धतीचा ड्रॅगनही. आफ्रिकेतला प्राणी आणि चीनमधली कल्पना समुद्रापासून आत असलेल्या या गावातल्या शिल्पकाराच्या छिन्नीखाली कशी आली, याचे उत्तर बंदरांत शोधावे लागते. मिरी आणि तांदूळ गलबतांत चढत होते, त्याच वाटेने दूरदेशीच्या गोष्टी आणि चित्रे उतरत होती. इतिहासाच्या पुस्तकातला “सागरी व्यापार” हा रुक्ष शब्द येथे बोटाने दाखवता येतो.

शेजारची गुरुबसदी, जिला सिद्धांत बसदी असेही म्हणतात, आकाराने लहान. पण महाराष्ट्रातल्या जैन कुटुंबांचे तिच्याशी असलेले नाते जुने आहे. षट्खंडागमावरील धवला, कषायपाहुडावरील जयधवला आणि महाधवला नावाने ओळखला जाणारा महाबंध हे सिद्धांतग्रंथ ताडपत्रांवर शतकानुशतके येथेच जपले गेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत त्यांचे केवळ दर्शन होत असे. वाचन जवळजवळ थांबलेले होते आणि ताडपत्रे झिजत होती. मुंबईचे मोत्यांचे व्यापारी, हिराबाग धर्मशाळा उभारणारे शेठ माणिकचंद हिराचंद झवेरी यात्रेला आले, त्यांनी ही स्थिती पाहिली आणि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांच्याशी बोलणे केले. दोघे व्यापारी होते. जीर्ण माल वेळीच न उचलल्यास काय होते हे त्यांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती. वर्गणी जमली, मठाची संमती मिळवण्यात वर्षे गेली आणि शतक संपण्यापूर्वी नकलांचे काम सुरू झाले. पुढे डॉ. हीरालाल जैन यांनी संपादित केलेला धवलेचा पहिला मुद्रित खंड १९३९ साली निघाला तो अमरावतीहून. सोळा खंड पुरे होण्यास आणखी वीस वर्षे लागली. यात्रेला निघालेल्या एका झवेऱ्याच्या नजरेने एवढे घडवले. या बसदीत रत्नांच्या जिनप्रतिमाही आहेत. त्यांचे दर्शन मठात आधी विचारून, ठरलेल्या वेळीच होते. हिरे-माणकांच्या व्यवहारात आयुष्य गेलेले आजोबा तेथे गप्प उभे राहतात, असा अनुभव पुष्कळांनी सांगितला आहे.

दुसऱ्या दिवशी कारकळ, मूडबिद्रीपासून सुमारे १८ किलोमीटर. तेथील खडकाळ टेकडीवरची भगवान बाहुबलींची ४२ फुटी मूर्ती वीरपांड्य भैररसाने इ.स. १४३२ मध्ये प्रतिष्ठित केली. पायऱ्या खडकात कोरलेल्या, पाय अनवाणी. दहा वाजल्यानंतर दगड तापतो, म्हणून आठच्या आत चढण संपवावी. ज्यांना चढवत नाही त्यांनी मन खट्टू करण्याचे कारण नाही. समोरच्या ठेंगण्या टेकडीवर १५८६ सालची चतुर्मुख बसदी आहे. चारी दिशांना सारखीच द्वारे आणि प्रत्येक द्वारातून अरनाथ, मल्लिनाथ व मुनिसुव्रतनाथ यांचे दर्शन. तिच्या ओसरीतून पलीकडच्या टेकडीवरचे बाहुबली दिसतात. आणि ज्यांना एकही चढ नको, त्यांच्यासाठी वेणूर आहे. फाल्गुनी नदीच्या काठी सपाटीवर तिम्मण्ण अजिलाने १६०४ मध्ये उभारलेली ३५ फुटी मूर्ती चाकाच्या खुर्चीवरच्या माणसालाही जवळून पाहता येते. तेथे २०२४ साली महामस्तकाभिषेक झाला. वेणूर सहसा यादीत शेवटी टाकतात आणि वेळ संपला की गाळतात. वृद्धांना घेऊन निघालेल्यांनी ते पहिल्या क्रमांकावर घ्यावे.

धर्मस्थळ थोडे आड आहे. वेणूरला गेलेल्यांनी वाटले तर पुढे जावे. १९८२ साली प्रतिष्ठित झालेली तेथील ३९ फुटी बाहुबली मूर्ती कारकळलाच घडवून एवढ्या लांब आणली होती, ही गोष्ट मुलांना मूर्तीइतकीच आवडते.

वरंगची बसदी मात्र गाळू नये. कारकळहून हेब्रीच्या रस्त्याने पाऊण तास. तळ्याच्या मध्यभागी उभे असलेले चतुर्मुख जिनालय, चहूकडे पाणी, मागे सह्याद्रीची निळी भिंत. जायला लहानशी नाव. पाच-सात माणसे बसतात, नावाडी संथपणे नेतो, दोन-चार मिनिटांत देवद्वारी. तेथे ना दुकान, ना ध्वनिक्षेपक. समुद्राच्या लाटांना बुजणारी लहान मुले या नावेत प्रथम पाण्याशी ओळख करून घेतात.

आता समुद्र, आणि त्याबरोबर या सहलीचा अवघड प्रश्न. किनाऱ्याची सर्वांत सुंदर वेळ सूर्यास्ताची, आणि चौविहाराची मर्यादाही तीच. उडुपीच्या अक्षांशावर डिसेंबरच्या अखेरीस सूर्य सहा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास मावळतो, मे महिन्याच्या मध्यास पावणेसातनंतर. पाच वाजता वाळूवर गेलेले कुटुंब सूर्यास्त पाहून परतले की वडीलधाऱ्यांचे जेवण बुडते. आणि जेवणासाठी लवकर परतले की मुलांचा हिरमोड होतो. अनेक घरांत या ओढाताणीतच “आम्ही घर सांभाळतो” या वाक्याचा जन्म होतो. तोड साधी आहे, पण ती घरातून निघण्यापूर्वीच ठरवावी लागते : सायंकाळचे जेवण पाचला, संपूर्ण कुटुंबाचे, आणि मग समुद्र. जे सूर्यास्तापूर्वी दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे, आधी आटोपतात त्यांचेही साधते. सव्वापाचला चूळ भरून, पाणी पिऊन निघालेल्या आजीला मग घड्याळ पाहावे लागत नाही. अंधार पडेपर्यंत ती नातवाबरोबर वाळूत बसू शकते. त्यासाठी एकच अट, दुपारचे जेवण साडेअकराच्या पुढे ढकलू नये. सकाळ तर सोपीच. डिसेंबरात सूर्योदय पावणेसातच्या आसपास, तेव्हा नवकारशी पावणेआठच्या आत येते आणि हॉटेलांची न्याहारीही त्याच वेळी सुरू होते.

उडुपीचे नाव घेतले की “तेथे तर शुद्ध शाकाहार” म्हणून निर्धास्त होण्याची प्रथा आहे. ती अर्धीच खरी. मठाच्या परंपरेतल्या स्वयंपाकात कांदा-लसूण वर्ज्य असले तरी सुरण, अळकुडी, बटाटा वर्ज्य नाहीत. जगप्रसिद्ध मसाला डोशाच्या पोटात बटाटाच असतो. म्हणून चार कन्नड शब्द पाठ असावेत : ईरुळ्ळी म्हणजे कांदा, बेळ्ळुळ्ळी लसूण, आलूगड्डे बटाटा आणि बेड म्हणजे नको. “गड्डे” हा शब्दच कंदवाचक आहे, तो पदार्थाच्या नावात ऐकू आला की थांबावे. शुंठी या शब्दापाशी विशेष सावध राहावे. मराठी कानाला ती सुंठ वाटते आणि मंडळी निःशंक होकार देतात. कन्नडमध्ये ते ओल्या आल्याचे नाव आहे. उडुपी-कारकळच्या बाजारपेठेत कोंकणी बोलणारे दुकानदार पुष्कळ असल्याने मराठीवरही बरेच निभावते.

खाण्याजोगे काय, तर नीर दोसा प्रथम. तांदूळ भिजवून पातळ वाटायचा आणि लगेच तव्यावर घालायचा. पीठ आंबवण्याचा प्रश्नच नाही. इडली-डोशाचे रात्रभर ठेवलेले पीठ ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी हा मोठाच आधार. वाफवलेल्या तांदळाच्या शेवया, त्यांवर नारळाचे गोड दूध, मंगळुरी काकडीची वा कोहळ्याची नारळ घातलेली आमटी, नीरफणसाची भाजी. पर्यटकांच्या याद्यांत यांतले थोडेच असते, घरगुती खानावळीत विचारले तर आनंदाने करून देतात.

समुद्राकाठी राहायचे तर हॉटेल, रिसॉर्ट आणि होमस्टे असे तिन्ही पर्याय आहेत. होमस्टेची खोली नारळीच्या बागेत, अंगणातून वाळूवर पाऊल, मोह पडतोच. परंतु किनाऱ्यावरच्या बहुतेक घरांत मासळी शिजते, हे आधी ध्यानात घ्यावे. भांडी वेगळी मिळतील काय, आपला शेगडी-कुकर चालेल काय, तळमजल्यावर खोली आहे काय, पाच वाजता जेवण मिळेल काय, हे प्रश्न आगाऊ पैसे भरण्यापूर्वी विचारावेत, भिडेपोटी मागाहून नव्हे. उत्तर अडखळत आले तर उडुपी किंवा मणिपाल येथे शाकाहारी उपाहारगृहाजवळचे हॉटेल घ्यावे आणि समुद्रावर मोटारीने जावे. अर्ध्या तासाहून अधिक लागत नाही. सम वर्षाच्या जानेवारीत उडुपीला श्रीकृष्ण मठाचा पर्याय उत्सव असतो. १८ जानेवारीच्या मागेपुढे खोली मिळण्याची आशा धरू नये.

किनारे एकसारखे नाहीत. मलपे सर्वांत गाजलेला, गर्दीचा आणि मोठ्या मासेमारी बंदराला लागून. तेथला वास काहींना सोसत नाही. वृद्धांसह निवांत बसण्यास पडुबिद्री बरे. तेथील स्वच्छ किनाऱ्याला २०२० मध्ये ब्लू फ्लॅग हे आंतरराष्ट्रीय मानचिन्ह मिळाले आहे. कापूला खडकावर १९०१ सालचा दीपस्तंभ आहे. सायंकाळी थोडा वेळ वर सोडतात, जिना अरुंद आहे. समुद्रात उतरण्याबाबत मात्र एकाच घरात दोन मते असतात. एकाला अप्कायाची विराधना नको, दुसऱ्याला लाट अंगावर घेतल्याशिवाय आल्यासारखे वाटत नाही. यावर वाद घालण्याऐवजी जो तो आपापल्या मर्यादेत राहील तर बरे. शिंपले वेचणाऱ्या मुलांना मात्र एक सवय अवश्य लावावी : उचललेला शिंपला उलटा करून पाहायचा, आत जीव असल्यास जेथून उचलला तेथेच ठेवायचा. वाळूवरच्या छोट्या भोकांतून डोकावणारे खेकडे पायाखाली येऊ नयेत म्हणून मुले आपोआप जपून चालू लागतात.

मलपेहून नावेने सेंट मेरी बेटांवर जाता येते. ही सफर तरुणांची आणि शाळकरी मुलांची. उन्हात सावली थोडी, खडक ओबडधोबड. पण त्या खडकांसाठीच जावे. षट्कोनी, पंचकोनी खांब कोणी रचून ठेवल्यासारखे ओळीने उभे आहेत. मादागास्कर भारतापासून अलग होत असताना, सुमारे साडेआठ-नऊ कोटी वर्षांपूर्वी, वर आलेला लाव्हा निवताना तडकला आणि हे आकार झाले. मूडबिद्रीचे कोरीव खांब पाहून आलेल्या मुलाला हे न कोरलेले खांब पाहून जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरे देण्याची तयारी वडिलांनी ठेवावी. पावसाळ्यात नावा बंद असतात. चातुर्मासात यात्रा आवरती घेणाऱ्या कुटुंबांचा आणि या समुद्राचा हिशेब येथे नेमका जुळतो. कार्तिकी पौर्णिमेनंतर यात्रा सुरू होतात तेव्हा नावाही पुन्हा चालू झालेल्या असतात.

एखादा दिवस हाताशी उरला तर मंगळुरूजवळचे पिलिकुळ पाहावे. तेथे प्राणिसंग्रहालयही आहे. पिंजऱ्यातले जीव पाहणे ज्यांच्या मनाला रुचत नाही त्यांनी सरळ तारांगणात जावे. २०१८ साली सुरू झालेले हे त्रिमितीय तारांगण अशा पद्धतीचे देशातले पहिले. मंगळुरूच्या बाजारात काजूची प्रतवारी आणि भाव समजून घेण्यात व्यापारी मंडळींचा तास जातोच, त्याला कोणी अडवू नये. येथली कौले १८६५ पासून कारखान्यांत बनू लागली आणि महाराष्ट्रात घरोघरी चढली. गावाकडच्या जुन्या वाड्याचे मंगलोरी कौल कोठले, हे मुलांना येथे कळते.

परतीची मत्स्यगंधा दुपारी निघते, तेव्हा सूर्यास्त गाडीतच होतो. डबा उडुपीलाच भरून घ्यावा : पराठे किंवा पुऱ्या, कोरडी चटणी, केळी, उकळून गार केलेले पाणी. होन्नावरला शरावतीवरचा दोन किलोमीटरहून लांब पूल लागतो, त्याच्या अलीकडे जेवणे आटोपलेली असावीत. पुलावर गाडी आली की सारे डावीकडच्या खिडकीशी जातात. नदी तेथे समुद्राला मिळते.